धाडसाला यंत्राची साथ हवी

मनमाडच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या निमंत्रणपत्रिकेवर प्रमुख पाहुण्यांचा विषय ‘करिअर मार्गदर्शन’ असा छापलेला असला, तरी पाहुणा याच शाळेच्या बाकांवर घडलेला असल्यामुळे त्याचे मन पाणीटंचाईच्या दिवसांतील मनमाडकडे आणि रेल्वेच्या कारखान्याकडे वळणे स्वाभाविक आहे. ज्या गावात पुलांचे गर्डर घडतात, तेथे माणूस आणि यंत्र यांचे नाते हाच खरा मार्गदर्शनाचा विषय ठरतो.

हे नाते किती निर्णायक असते, हे एका युद्धप्रसंगातून दिसते. 1 सप्टेंबर 1965 रोजी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे छांब भागात घुसले, तेव्हा नाशिकमधून 1963 मध्ये बिनविरोध लोकसभेवर गेलेले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी हवाई दलाला कारवाईची परवानगी दिली आणि दिवस मावळण्यापूर्वीच पठाणकोटहून त्या युद्धातील पहिला भारतीय हवाई हल्ला झाला. पुण्याहून तेथे गेलेल्या 45 क्रमांकाच्या स्क्वाड्रनची, म्हणजे एका प्रमुखाच्या हाताखाली लढणाऱ्या विमानतुकडीची, व्हॅम्पायर विमाने त्यात आघाडीवर होती. व्हॅम्पायरचे पहिले उड्डाण 1943 मधले आणि त्याच्या धडाचा काही भाग लाकडी; समोर मात्र त्याहून वेगवान अशी पाकिस्तानची सेबर विमाने होती. त्या संध्याकाळी 4 व्हॅम्पायर पडली आणि फ्लाइट लेफ्टनंट ए. के. भागवत, व्ही. एम. जोशी व एस. भारद्वाज परतले नाहीत. त्यानंतर व्हॅम्पायर आघाडीवरून मागे घेण्यात आली.

उणीव शौर्याची नव्हती, यंत्राची होती. आणि चांगले यंत्र केवळ घोषणांनी तयार होत नाही, तर कानस, पाना आणि गणित यांची लाज न बाळगणाऱ्या हातांनी तयार होते. हीच स्क्वाड्रन 2016 मध्ये देशी तेजस विमानांसह पुन्हा उभी राहिली आणि तेजसची उत्पादनव्यवस्था आता याच नाशिक जिल्ह्यातील ओझरलाही उभी आहे, ही गोष्ट मनमाडच्या मुलांनी दुरून कौतुक करण्याची नसून तेथे कामाला जाण्याची आहे.

पुढच्या रांगेत बसलेल्या पालकांपैकी ज्यांची हयात रेल्वेत गेली, त्यांनी मुलाच्या सदऱ्यावरील ग्रीसच्या डागावरून त्याला रागावू नये. शिक्षकांनी प्रयोगशाळेची किल्ली विद्यार्थ्यांच्या हाती विश्वासाने द्यावी. आणि प्रत्येक मुलाने व मुलीने पुढील स्नेहसंमेलनापूर्वी एक तरी बंद पडलेले यंत्र उघडून, समजून घेऊन, पुन्हा चालू करून दाखवावे.