श्वासाचे अस्तर आणि पहारेकरी पेशी



मराठीच्या अध्यापकाने फुप्फुसावर बोलावे हे काहींना विपरीत वाटेल. परंतु विज्ञान मराठीत सांगता येते की नाही, हे ग्रंथालयात नाही तर कोठे पडताळावयाचे?

आपल्या फुप्फुसांत कोट्यवधी वायुकोश आहेत. आतील ओलाव्याच्या पृष्ठताणामुळे हे इवले फुगे उच्छ्वासागणिक मिटावयाचे. ते मिटत नाहीत, कारण त्यांना ‘सर्फॅक्टंट’ नावाच्या द्रव्याचे अस्तर असते. त्याचा सुमारे नऊ दशांश भाग स्निग्ध पदार्थांचा, उरलेला प्रथिनांचा. अकाली जन्मलेल्या बालकांचा श्वास कोंडतो तो या द्रव्याच्या अभावी, हे मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखविले.

मला अधिक नवल वाटते ते या अस्तराच्या दुसऱ्या कामाचे. श्वासाबरोबर धूळ आणि जंतू अखंड आत येतात. प्रत्येक कणासाठी रोगप्रतिकारक पेशी चवताळून उठल्या, तर दाहाने वायुकोशच निकामी होतील. म्हणून अस्तरातील स्निग्ध पदार्थ त्यांना शांत ठेवतात. मग या शांततेत कर्करोगाचे फावते काय? १९८० च्या दशकातील प्रयोगशाळेतल्या प्रयोगांत असे आढळले, की कर्कपेशींना मारणाऱ्या ‘नैसर्गिक मारक पेशी’ सर्फॅक्टंटच्या सान्निध्यात मंदावतात. पहारेकऱ्यालाच अंगाई गावी, तसे हे!

मात्र या द्रव्याचे सारे घटक एका सुरात बोलत नाहीत. ‘एसपी-ए’ हे त्यातील एक प्रथिन. २०१३ मध्ये जपानी संशोधकांनी मानवी फुप्फुस-कर्करोगाच्या पेशींत त्याचे जनुक घालून त्या उंदरांत टोचल्या. गाठींची वाढ रोखली गेली. गाठीशी लढणाऱ्या भक्षकपेशी तेथे वाढलेल्या दिसल्या. मारक पेशीही संख्येने अधिक आणि सतेज होत्या. ज्या उंदरांतील मारक पेशी आधीच नष्ट केल्या होत्या, तेथे मात्र प्रथिन निष्प्रभ ठरले. निदान या प्रयोगात तरी, एसपी-ए मारणाऱ्यास जागे करीत होते.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ या जाहिराती वाचताना मी म्हणतो, कोणती आणि कोठे? कर्करोगाविरुद्ध पेशींचा लगाम सैल करणारी औषधे आज वापरात आहेत. त्यांनी अनेकांचे आयुष्य वाढले. काही रुग्णांच्या फुप्फुसांना मात्र त्याच सैल लगामाने दाह होतो, आणि डॉक्टरांना उपचार थांबवून पेशींना पुन्हा शांत करणारी स्टेरॉइड्स द्यावी लागतात.