दस्तावरचा अंगठा आणि वहीतली फुली

मी पिंजाऱ्याच्या घरातला. आमच्या घराण्याचा इतिहास दादीच्या तोंडी होता आणि तिच्याबरोबर तो मातीत गेला. कागदावर तिची एकच खूण उरली आहे. जमिनीच्या एका जुन्या दस्तावर तिचा अंगठा आहे. शेजारी तिचे नाव, पुढे ‘भ्र.’ लिहून आजोबांचे नाव. माहेरचा पत्ता कुठेच नाही. तेव्हापासून कुणाच्या घराण्याचा माग काढलेला वाचनात आला, की मी त्यात आधी बायका शोधतो.

मराठीत लिहिणाऱ्या माणसाचे नाते विल्यम कॅरीशी जुळतेच. त्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मराठी-इंग्रजी शब्दकोश. दोन्ही श्रीरामपूरला. हे श्रीरामपूर आपल्या नगरकडचे नव्हे, कलकत्त्याजवळ हुगळीकाठचे. तेव्हा तिथे डेन्मार्कचे राज्य होते. वैजनाथ पंडितांच्या मदतीने मराठी शिकलेला हा माणूस मूळचा जोडे शिवणारा कारागीर होता.

इंग्लंडातल्या अशा कारागिराचे कूळ शोधायचे तर गावच्या चर्चमधली वही उघडावी लागते. बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम तिथे १५३८ साली निघाला. सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी आली १८३७ मध्ये. त्याआधीच्या गरिबाचा ठावठिकाणा मुख्यतः या वह्यांतच लागतो. नॉर्दम्प्टनशरमधल्या पॉलर्सपरी गावात १७६१ साली कॅरी जन्मला. बाप विणकर, पुढे गावचा शाळामास्तर. मुलाला ऊन सोसत नसे म्हणून शेतावरचे काम सुटले आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो पिडिंग्टन गावी जोडे शिवायला बसला.

त्याच पिडिंग्टनच्या चर्चमध्ये जून १७८१ मध्ये त्याचे डोरोथी प्लॅकेटशी लग्न झाले. १७५४ पासून अमलात आलेल्या कायद्याने वधूवरांनी वहीत सही करणे सक्तीचे होते. नवऱ्याने नाव लिहिले. डोरोथीला अक्षरओळख नव्हती. तिने फुली काढली.

त्या फुलीपाशी मी थांबलो. दादीचा अंगठा आठवला.

पुढे कॅरी धर्मप्रसारक म्हणून हिंदुस्थानात यायला निघाला. डोरोथीने आधी साफ नकार दिला. जहाज लांबले तेव्हा त्याने पुन्हा विनवले आणि बहीण सोबत येणार असेल तर येते, या अटीवर ती निघाली. कडेवर काही आठवड्यांचे मूल होते. जून १७९३ मध्ये निघालेले जहाज नोव्हेंबरात बंगालला लागले. पुढच्याच वर्षी पीटर नावाचा पाच वर्षांचा मुलगा हगवणीने गेला. डोरोथीचे मन त्यातून सावरले नाही. भ्रमिष्ट अवस्थेत बरीच वर्षे काढून डिसेंबर १८०७ मध्ये ती वारली. शेजारच्या खोलीत नवरा भाषांतरे करीत असे.

देश सोडलेल्या माणसाचे नाव गावच्या वहीतून नाहीसे होते. मग जहाजांच्या याद्या, पत्रे आणि परमुलखातल्या कबरी धुंडाळाव्या लागतात. कॅरीच्या बाबतीत हे सोपे आहे, कारण त्याने पुस्तके लिहिली. १८३४ साली तो श्रीरामपूरलाच वारला. आपला धंदा त्याने कधी लपवला नाही. बड्या साहेबांच्या मेजवानीत कुणीतरी टोमणा मारला, हा पूर्वी जोडे करायचा म्हणे. तेव्हा जोडे करणारा नव्हे, नुसते फाटके सांधणारा, असे त्याने सांगितले म्हणतात. मला हे उत्तर आवडते. पण डोरोथी कुणाला काय म्हणाली, ते तिच्या शब्दांत उरले नाही. तिचा नकारसुद्धा दुसऱ्यांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येतो.

तरी तिची स्थिती माझ्या दादीपेक्षा एका बाबतीत बरी. चर्चच्या वहीत तिचे माहेरचे आडनाव आहे. त्या एका शब्दावरून शोधणारा तिच्या बापाच्या दारापर्यंत जाऊ शकतो. दादीच्या दस्तावरून मी आजोबांच्या उंबरठ्यापुढे सरकत नाही. अम्मी हयात असताना विचारले असते तर कदाचित गावाचे नाव तरी कळले असते. मी कवितेत मग्न होतो.

तुमच्या घरात एखादी म्हातारी असेल तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा. माहेर कुठले, आईचे नाव काय, एवढेच विचारा. आणि वहीत तारीख घालून लिहून ठेवा.