अडलेलें काडतूस

२०१८ च्या ऑगस्टमध्यें आशियाई क्रीडास्पर्धांत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनीं २५ मीटर पिस्तूल-नेमबाजीचें सुवर्णपदक मिळविलें. या प्रकाराच्या दुसऱ्या टप्प्यांत प्रत्येक गोळीसाठीं अवघे ३ सेकंद मिळतात. तेवढ्यांत काडतूस नळींत शिरलेंच नाहीं, तर?

अर्धस्वयंचलित पिस्तुलांत गोळी सुटतांच मागचा सरकता भाग मागें जातो, रिकामी पुंगळी बाहेर टाकतो आणि परततांना मॅगझीनमधील पुढचें काडतूस नळींत लोटतो. मॅगझीनची स्प्रिंग ढिली पडली, त्याच्या वरच्या कडा वाकल्या किंवा काजळी सांचली, कीं हा क्रम तुटतो. या खेळांतील पॉइंट २२ काडतुसाच्या बुडाला कंगोरा असतो. भरतांना वरच्या काडतुसाचा कंगोरा खालच्याच्या कंगोऱ्यामागें अडकला, तरी तें पुढें सरकत नाहीं.

दोष शोधतांना एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. प्रथम पिस्तूल रिकामें करून साफ करावें. मग दुसरें मॅगझीन लावून पाहावें. तरीहि अडलें, तर दुसऱ्या बनावटीचीं काडतुसें घ्यावीं. तेवढ्यानें न भागल्यास पिस्तूल जाणत्या कारागिराकडे द्यावें.

ही चिकित्सा मात्र सरावाच्या वेळची. सामन्यांत पिस्तूल अडल्यास खेळाडूनें मूठ न सोडतां नळी लक्ष्याच्या दिशेनेंच ठेवावी व मोकळा हात वर करावा, असा नियम आहे. अधीरपणें यंत्रणेला हात लावल्यास पुन्हा संधि मिळत नाहीं आणि न सुटलेली गोळी शून्य धरली जाते. शिवाय न उडालेलें काडतूस क्षणभरानें उडूं शकतें. म्हणून हा नियम गुणांइतकाच प्राणांचेंहि रक्षण करतो.