पहिली रांग रापणकारांची

देशभरातून आलेले सागरशास्त्रज्ञ आणि पहिल्या रांगेत बसलेले आमचे रापणकार काका-मामा,

पहिली रांग पाहुण्यांची असते, पण आज ती मी मुद्दाम रापणकारांसाठी राखली.

माझं लहानपण इथे मालवणात, दांडीच्या किनाऱ्यावर गेलं. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, दोराला हात लावणाऱ्या पोरालाही मूठभर मासळी मिळायची. जाळं जवळ आलं की आजोबा पाण्याच्या रंगाकडे बघूनच म्हणायचे, "बांगडो आसा." कोणत्या नक्षत्रात काय लागतं, उधाणाच्या मोठ्या भरतीला काय आणि भांगाच्या लहान भरतीला काय, सगळं त्यांना तोंडपाठ. त्यातलं एक अक्षरही आम्ही लिहून ठेवलं नाही, याची मला आजही खंत वाटते.

कारण आता समुद्रच बदलतो आहे. तारलीचंच बघा. १९८५ पर्यंत ती जवळजवळ सगळी ८ ते १४ अंश अक्षांशांमध्ये, म्हणजे मुख्यतः केरळ-कर्नाटकात मिळे. पाणी तापू लागलं तशी ती उत्तरेला, आमच्या बाजूला वाढली. तिच्या मूळ घरी मात्र, केरळात, २०१२ साली सुमारे ३.९ लाख टन मिळालेली तारली २०२१ मध्ये साडेतीन हजार टनांच्याही खाली गेली. दोष एकट्या तापमानाचा नाही. पावसाळ्यात खालचं थंड, सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक माजतं आणि प्लवकावर तारलीची पिल्लं पोसतात. ही साखळी एल निनोच्या वर्षी विस्कटते. त्यातच बारीक मासळी ओरबाडली, तर पुढच्या हंगामाला उरणार काय?

मासा निदान पोहून जाईल. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पोवळ्यांनी कुठे जायचं? पाणी फार तापलं की ती पोटातलं शेवाळ बाहेर टाकतात आणि पांढरी पडतात. अन्न देणारं तेच असल्यामुळे पाणी लवकर निवलं नाही तर ती उपाशी मरतात. इथलं सागरी अभयारण्य १९८७ सालचं आहे, पण कागदावरची हद्द गरम पाण्याला अडवत नाही.

शास्त्रज्ञ मित्रांनो, उपग्रह तुम्हाला पाण्याचं तापमान सांगतो. त्या पाण्यात चाळीस वर्षांपूर्वी कोणत्या महिन्यात काय सापडायचं, हे या पहिल्या रांगेला आठवतं. दोन्ही एका वहीत यावं, एवढ्यासाठीच मी या मेळाव्याचं यजमानपद मागून घेतलं.

उद्या पहाटे दांडीवर रापण लागेल. वही घेऊन या. मालवणी समजावून सांगायला आमची मुलं बरोबर असतील, आणि दोर ओढायला माणसं नेहमीच कमी पडतात.