जागतिक कंपनीतील आमची नोकरी



कंपनीतील नोकरीचा अनुभव सांगा, असे संस्थेने कळविले. एकाच जागतिक कंपनीत लागलेले आम्ही वस्तीतील चौघे. पगार वेळेवर होतो, साहेबाला नावाने हाक मारता येते, हे खरेच. आमच्या आजोबांच्या काळी गिरणीत तुटलेले सूत तोंडाने ओले करून जोडावे लागे, म्हणून अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठेवला होता.

कंपनीत तशी बंदी नाही. तिथे आडनाव विचारतात. त्यावरून उमजले नाही तर गाव, मग डब्यात काय आणले ते! घटनेच्या कलम १६(४) मधील राखीव जागा सरकारी नोकरीपुरत्या आहेत. खासगी कंपनीला त्या लागू नाहीत. तरी जेवताना चर्चा राखीव जागांचीच. आणि आम्ही? चौघेही गप्प. सात वर्षे गप्प! ६ डिसेंबरच्या रजेच्या अर्जावर आम्ही ‘घरगुती काम’ लिहीत होतो, हे तुमच्यासमोर सांगताना आज लाज वाटते.

२०२० साली कॅलिफोर्नियाच्या सरकारी खात्याने सिस्को कंपनीवर जातिभेदाच्या आरोपावरून दावा लावला. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी केली. ते वाचून आम्ही आमच्या कंपनीचे नियमपुस्तक उघडले. वंश, धर्म, लिंग, सर्व होते; जात नव्हती. चौघांनी सह्या करून पत्र दिले. परदेशातील अधिकारी बाईंनी जात म्हणजे काय, हे दोन बैठका शांतपणे ऐकून घेतले. इथल्या साहेबांनी मात्र ‘आपल्याकडे असले काही नाही’ असे उत्तर पाठविले. तो शब्द पुस्तकात अजून आलेला नाही. दोन सहकारी आमच्यासोबत जेवायचे बंद झाले. एक जण मात्र जिन्यात गाठून हळूच ‘जयभीम’ म्हणाला. पाच वर्षे तो शेजारच्या खुर्चीवर बसत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता!

त्या वर्षी रजेच्या अर्जावर आम्ही ‘महापरिनिर्वाण दिन’ असे लिहिले. रजा मंजूर झाली, कोणी काही विचारले नाही.

विद्यार्थ्यांनो, मुलाखतीच्या इंग्रजीची तुम्हाला धास्ती वाटते, ती आम्हालाही होती. दर रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात थांबतो. येताना अर्ज लिहून आणा.