परसातला ससा कुणासाठी?

ससेपालनाचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला : किलोला भाव काय मिळतो? आज मला मिळालेल्या दहा मिनिटांत मी भाव सांगणार नाही, आणि ते मुद्दाम. माझं म्हणणं असं की मांसाचा ससा आधी आपल्याच घरात खाल्ला गेला पाहिजे. ज्या घरात तो कुणी खात नाही, त्या घराने तो पाळू नये. परसातल्या शेवग्याकडे बघा. शेवगा कुणी कर्ज काढून लावत नाही. मोरीच्या पाण्याकडे एक फांदी खोचली, जगली, शेंगा आल्या की आमटीत पडल्या. जास्त आल्या तर शेजारी गेल्या. वादळात झाड मोडलं तर हळहळ वाटते, पण घर बसत नाही. तोच शेवगा दोन एकरांत लावा, की व्यापारी, टेम्पो, वाशीचा बाजार, पडलेला दर सगळं मागोमाग आलंच. झाड तेच, हिशेब पार निराळा. ससा हा परसातला शेवगा आहे. आपल्याकडे तो दोन एकरांतला शेवगा म्हणून गळ्यात मारला जातो, आणि माणसं फसतात ती तिथे.

उरण-पनवेल पट्ट्यातलं जासई डोळ्यांपुढे ठेवून मी बोलतो आहे. 1970 साली नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरणच्या 95 गावांची जमीन संपादनात निघाली. भातखाचरं गेली, मिठागरं गेली, गुरं चरायची मोकळी रानंही गेली. दर सरकारने ठरवला होता. तो मान्य नाही म्हणून जानेवारी 1984 मध्ये इथला शेतकरी रस्त्यावर उतरला. जासईचेच दि. बा. पाटील पुढे होते. गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले, आणि पुढे सरकारला गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य करावं लागलं. आपल्या वस्तूचा दर दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं, हे या गावाला मी काय सांगणार? मग 'एक युनिट घ्या, पिल्लं आम्हीच परत विकत घेऊ' अशा छापील करारावर सही करताना तेच शहाणपण वापरायला काय हरकत आहे? तामिळनाडूत 2012 साली इमूच्या योजना कोसळल्या. आपल्याकडे 2019 साली इस्लामपूरहून सुरू झालेला कडकनाथ कोंबडीचा घोटाळा बाहेर आला. पक्षी वेगवेगळे, पण गणित एकच : जोडीची किंमत खाणारा ठरवत नव्हता, तिच्यासाठी पैसे घेऊन येणारा पुढचा माणूस ठरवत होता. तो यायचा थांबला की पिंजऱ्यात जनावरं आणि हातात करार. सशाच्या नावानेही हीच भाषा कानावर येते. म्हणून पुन्हा सांगतो, आधी खाणारा घरात शोधा.

आता परसातला हिशेब करून बघू. गावठाणात घराला घर लागलेलं. शेळी पाळली तर चारायला न्यायची कुठे, कंटेनरच्या रस्त्यावर? सशाला मादीमागे अडीच फूट लांब, दोन फूट रुंद जाळीचा पिंजरा पुरतो. मादी साधारण 30-31 दिवसांत विते, एका वेताला सहा-आठ पिल्लं होतात. त्यातली पाचच जगली असं धरा, आणि वर्षाला चारच वेतं धरा, कारण उन्हाळ्यात वेत घ्यायचं नाही. का ते पुढे येतं आहे. म्हणजे एका मादीमागे वीस ससे. तीन-साडेतीन महिन्यांत ससा दोन किलोचा होतो, सोलून-साफ करून निम्मं वजन हाती येतं. वीस किलो. दोन माद्या आणि एक नर एवढाच पसारा ठेवला तर वर्षाला चाळीस किलो, आठवड्याला पाऊण किलो. चार-पाच माणसांच्या घरात हे मांस भावाविना, दलालाविना संपतं. 'कोंबडी काय वाईट?' असं कुणी विचारेल. काहीच वाईट नाही, कोंबडी ठेवाच, ती अंडी देते. पण ब्रॉयलर विकतच्या दाण्यावर वाढतो. सशाचा बराचसा आहार हादग्याचा पाला, रताळ्याचे वेल, दशरथ घास, बांधावरचं गवत यांवर भागतो, वर थोडा भरडा दिला की झालं. मात्र हमरस्त्याच्या कडेचं गवत कापून आणू नका. दिवसभर ट्रेलरचा धूर खाल्लेलं ते गवत सशाच्या पोटातून आपल्याच ताटात यायचं. आणि पावसाळ्यात ओला पाला थेट टाकू नका. पडवीत पसरून कोमेजू द्या, मग घाला. ओल्या पाल्याने पोट फुगतं आणि हगवण लागते, पिल्लं त्यातच जातात.

खरा आक्षेप हवेचा आहे, आणि तो मी उडवून लावणार नाही. राजस्थानात अविकानगरला 1962 पासून केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था आहे. मांसाच्या सशांवर काम करणारं तिचं दक्षिणेतलं केंद्र मात्र कोडाईकनालजवळ मन्नवनूरला, थंड डोंगरात आहे. व्हाइट जायंट, सोव्हिएत चिंचिला या जाती तिथे मजेत राहतात. त्याच जाती उचलून उरणच्या खाडीकाठी पत्र्याखाली ठेवायच्या, आणि मेल्या की नशिबाला बोल लावायचा, याला काय म्हणावं! सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो कानांवाटे आणि धापेवाटे बाहेर टाकतो. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याचं खाणं कमी होतं. नराचं बीज तर सलग उकाड्यात निकामी होतं आणि पुन्हा तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात. म्हणजे मे महिन्यातला उकाडा जुलैत नडतो, आणि घरात बोल लावला जातो मादीला. बरं, घाटावरची युक्ती इथे चालत नाही. तिकडे ओलं गोणपाट टांगलं की कोरड्या हवेत पाणी उडतं आणि गारवा होतो. आपल्याकडे हवाच पाण्याने भरलेली, गोणपाट ओलंच राहतं आणि वर कुबट दमटपणा वाढतो. इथे लागते ती सावली आणि वारा. पत्र्यावर झावळ्यांचा जाड थर, दोन बाजू मोकळ्या, पिंजरा जमिनीपासून कंबरेइतका उंच. भर दुपारी पाण्याची गोठवलेली बाटली पिंजऱ्यात आडवी ठेवली की ससा तिला टेकून पडतो. एप्रिल-मेमध्ये वेत घ्यायचं नाही. आता हिशेब करा, पन्नास पिंजऱ्यांना रोज बाटल्या कोण गोठवणार? दोन-तीन पिंजऱ्यांना घरचा फ्रिज पुरतो. माझा मुद्दा इथेही तोच आहे, शेवगा मोरीपाशी आहे तोवर त्याला पाणी आपसूक मिळतं.

कायद्याचं चटकन सांगतो. रानातला ससा मारणं हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, त्यात 'एकच मारला' ही सबब चालत नाही. पिंजऱ्यातला ससा हा मुळात युरोपातला, वेगळ्या प्रजातीतला. त्याची पिल्लं उघडी आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाचं पिल्लू अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊनच येतं. दोघांचा संकर होत नाही, त्यामुळे 'रानातला पकडून जात सुधारू' हा विचार बेकायदा तर आहेच, शिवाय खुळा आहे. मांस विकायचं म्हटलं की परवाना, नोंदणी, कत्तलीची जागा हे सगळं आलं. राहिली दया. ससा गोजिरवाणा आहे, त्याला कसं मारायचं, असं म्हणणाऱ्याचा मी आदर करतो, त्याने पाळू नये. पण जो माणूस शेळीचं मटण खातो आणि सशाला मात्र हळवा होतो, त्याच्या हळवेपणात दिसण्याचाच भाग जास्त आहे. क्रौर्य शोधायचं तर ते पत्र्याखालच्या दाटीत सापडतं; योजना बुडाल्यावर कुणाला नको झालेल्या, खाणं बंद झालेल्या शेकडो जनावरांत सापडतं. घरात मुलं असतील तर पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावं : नर-मादीला नाव ठेवा, पिल्लांना नको.

आता चूल. इथे बहुतेकांची निराशा होते, कारण सशाचं मटण ते बोकडासारखं करतात. या मांसात चरबी जवळजवळ नाहीच. मोठ्या आचेवर ते सुकतं, आणि कुकरच्या शिट्ट्यांनी त्याचे धागे होतात. दुसरं म्हणजे कोयत्याने खांडोळी करू नका. सशाची हाडं बारीक, कोयत्याखाली त्यांच्या सुया होतात आणि घशाला लागतात. सुरीने सांध्या-सांध्यात सोडवा : मागच्या तंगड्या, पुढच्या तंगड्या, पाठीचे तीन तुकडे. कापल्याबरोबर शिजवू नका, मिठाच्या पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. मग हळद, आलं-लसूण-मिरची-कोथिंबिरीचं वाटण चोळून तासभर मुरू द्या. टोपात तेल थोडं सढळ हाताने, कारण मांस स्वतःचं तेल सोडणार नाही. कांदा तांबूस, त्यावर आपला आगरी मसाला, मग आधी फक्त तंगड्या. झाकण म्हणून ताट, ताटावर पाणी, खाली मंद आच. ताटातलं पाणी कढत झालं की तेच आत घालायचं, गार पाणी घालायचं नाही. अर्ध्या तासाने पाठीचे तुकडे टाका; तंगड्यांबरोबर टाकले तर त्यांचा चोथा होतो. शेवटी भाजलेल्या सुक्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण आणि एक उकळी. बरोबर तांदळाची भाकरी. खोबऱ्याचं तेल मांसातली उणीव भरून काढतं, म्हणून हे वाटण इथे चवीपुरतं नाही, त्याच्यावाचून चालायचं नाही. चार महिन्यांपुढच्या जून सशाला वेळ दुप्पट द्यावा.

समोरून खूण झाली, दोनच मिनिटं उरली आहेत. लेंड्यांच्या खताबद्दल बरंच सांगायचं होतं. ते न कुजवताही झाडाच्या बुंध्याशी घालता येतं, आणि भाजीच्या वाफ्याला तर... ते पुढे कधीतरी. पण काळजाचं सांगितल्याशिवाय उठत नाही. ससा कापला की आधी काळीज उजेडात धरून बघा. गुळगुळीत, तांबूस-तपकिरी असेल तर लसणीवर परतून खा. त्यावर पांढरट ठिपके किंवा गाठी दिसल्या तर ते काळीज पुरून टाका आणि त्याच दिवशी पिंजऱ्याची जाळी घासून उन्हात घाला, कारण तो बहुधा कॉक्सिडियाचा रोग असतो आणि शेजारच्या पिंजऱ्यातही शिरलेला असू शकतो. औषधाचं जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. आणि नर दीड-दोन वर्षांनी बदला. विकत आणू नका. आळीत दुसऱ्या कुणी ससे ठेवले असतील तर त्यांच्याशी अदलाबदल करा, नाहीतर बाप-लेकीचा जोडा लागतो आणि पिल्लं दुबळी निघतात. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं, नराला तिच्याकडे नाही, ती चावते. वेळ झाली.