रिकामी जागा आणि रिकामें नांव

'ध'चा 'मा' झाल्याची आख्यायिका मराठी मुलखांत शाळकरी पोरालाही ठाऊक असते. तींत निदान एक अक्षर तरी बदललें होतें. लिनक्सवर चालणाऱ्या संगणकांच्या जगांत २०११ सालीं जो अनर्थ घडला, त्यांत एकही अक्षर बदललें नव्हतें; दोन नांवांच्या मध्यें एक रिकामी जागा तेवढी अधिक पडली होती.

त्याची हकीकत अशी. दोन ग्राफिक चिपा असलेले लॅपटॉप लिनक्सवर नीट चालावे म्हणून 'बंबलबी' नांवाचा एक प्रकल्प कांहीं मंडळींनीं चालविला होता. तो संगणकावर बसविण्यासाठीं जी स्क्रिप्ट, म्हणजे एकामागून एक पाळावयाच्या आज्ञांची जी यादी, दिलेली होती, तींत एक जुनी नोंद पुसून टाकण्याची आज्ञा होती. ही नोंद 'यूएसआर' या डिरेक्टरीच्या पोटांत 'लिब', त्याच्या पोटांत आणखी कांहीं, अशी पुष्कळ खोल होती. पत्ता लिहितांना 'यूएसआर'नंतर लगेच तिरपी रेघ यावयाची, तिच्या आधीं एक जागा सुटली. मनुष्याच्या डोळ्याला ती सहसा दिसावयाचीही नाहीं. परंतु शेलच्या व्याकरणांत रिकामी जागा म्हणजे शब्द संपला. एका पत्त्याचे दोन पत्ते झाले, आणि त्यांतील पहिला नुसता 'यूएसआर' असा उरला. लिनक्सचे बहुतेक सर्व प्रोग्रॅम याच डिरेक्टरींत राहतात. बसवणुकीसाठीं स्क्रिप्टेला सर्वाधिकार दिलेले असल्यामुळें तिला अडविणारेंही कोणी नव्हतें.

हा शेल म्हणजे मनुष्याची लेखी आज्ञा घेऊन यंत्राच्या गाभ्यापर्यंत पोंचविणारा कारकून होय. बेल प्रयोगशाळेंतील स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ सालीं युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडला. त्याच वळणाचा 'बॅश' ब्रायन फॉक्स यांनीं लिहिला व तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. आज लिनक्सच्या व्यवस्थापकांच्या हातीं बहुधा तोच असतो. हा कारकून अत्यंत आज्ञाधारक आहे, आणि तोच त्याचा दोष आहे. कचेरींतला जुना कारकून साहेबाच्या विचित्र हुकुमापुढें क्षणभर थबकतो, घसा खाकरतो आणि 'असेंच लिहावयाचें ना?' म्हणून विचारून घेतो. बॅशला घसा नाहीं.

जानेवारी २०१५ मध्यें 'स्टीम' या खेळांच्या प्रोग्रॅमच्या लिनक्स आवृत्तींत जो दोष उघडकीस आला, तो याहूनही अभ्यासण्याजोगा आहे. आपण कोणत्या डिरेक्टरींत बसविलों गेलों आहों, हें ती स्क्रिप्ट आधीं शोधून काढी व त्या जागेला 'स्टीमरूट' असें नांव देई. पुढें एके ठिकाणीं 'स्टीमरूट, तिरपी रेघ, तारका' एवढें सर्व पुसावें अशी आज्ञा होती. तारका म्हणजे त्या डिरेक्टरींतील जवळजवळ यच्चयावत् वस्तु. पण जागेचा शोध फसला तर स्टीमरूट हें नांव रिकामें राही. आणि रिकाम्या नांवापुढें तिरपी रेघ व तारका ठेवली असतां काय उरतें? नुसती तिरपी रेघ हें लिनक्समध्यें सर्व डिरेक्टऱ्यांच्या मुळाचें नांव आहे. आज्ञेचा अर्थ झाला: पुसतां येईल तेवढें सर्व पुसा!

पुसण्याचें काम करणाऱ्या 'आरएम' या आज्ञेंत, मूळ डिरेक्टरी कोणी पुसूं पाहिली तर नाकारावें, असा बंदोबस्त केलेला असतो. तो येथें कुचकामी ठरला, कारण तारकेचा विस्तार शेल आधींच करतो; आरएमच्या हातीं मुळाचें नांव न पडतां एकेका फांदीचें नांव पडतें. ज्या गृहस्थानें ही तक्रार नोंदविली, त्याच्या मालकीच्या फाइली तर गेल्याच, पण ज्या बाहेरच्या डिस्कवर तो बॅकअप ठेवीत असे तीही त्या वेळीं जोडलेली होती, आणि तिच्यावरच्याही गेल्या. विशेष हें कीं, त्या ओळीच्या माथ्यावर 'भयंकर!' अशा अर्थाचा इंग्रजी शेरा स्क्रिप्टेंत आधींच मारलेला होता. भीति वाटली, बंदोबस्त मात्र राहून गेला.

तो बंदोबस्त काय करावयाचा? पुष्कळ जाणते लोक सांगतात कीं, स्क्रिप्टेच्या आरंभीं 'सेट -यू' लिहावें, म्हणजे न ठरविलेलें नांव कोणीं वापरलें कीं शेल जागच्या जागीं थांबतो. सल्ला चांगला आहे, पण येथें तो अपुरा पडला असता. हजेरीपटावर ज्या मुलाचें नांवच नाहीं तो एक, आणि नांव आहे पण बांक रिकामें तो दुसरा. सेट -यू पहिल्याला पकडतें; दुसऱ्याला तें हजर धरून चालतें. स्टीमरूट पटावर होतें, बांक रिकामें होतें. अशासाठीं नांव महिरपी कंसांत घालून, कंस मिटण्यापूर्वीं विसर्गासारखीं दोन टिंबें व त्यांपुढें प्रश्नचिन्ह लिहावें लागतें. मग नांव न ठरविलेलें असो कीं रिकामें असो, ती आज्ञा पाळलीच जात नाहीं आणि स्क्रिप्ट तेथेंच संपते. 'शेलचेक' नांवाचा एक मोफत परीक्षक-प्रोग्रॅम आहे. तो अशी ओळ दिसतांच नेमकी हीच दुरुस्ती सुचवितो.

एक आज्ञा फसल्यावर स्क्रिप्टेनें पुढें जाऊं नये म्हणून 'सेट -ई' आहे. पण 'जर'च्या अटींत फसलेल्या आज्ञेकडे तें काणाडोळा करतें. आणि एका आज्ञेचें फळ दुसरीच्या हातीं देणारी नळी जोडली असेल, तर शेवटच्या आज्ञेचा तेवढा निकाल पाहतें. त्यासाठीं 'पाइपफेल' निराळें लावावें लागतें. नांवाभोवतीं दुहेरी अवतरणचिन्हें घालावीं, म्हणजे नांवाच्या पोटांतील रिकाम्या जागेमुळें त्याचे तुकडे होत नाहींत. आणि पुसण्याची आज्ञा पहिल्यानें तिच्यामागें 'एको' जोडून चालवावी. शेल ती पाळण्याऐवजीं मोठ्यानें वाचून दाखवितो. दहांतील नऊ चुका या वाचनांतच कानाला खटकतात.

पुसण्याची एवढी घाई मुळांत होते कां? बहुधा डिस्क भरते म्हणून. रात्रीं अडीच वाजतां सर्व्हर अडतो, 'डीएफ' ही आज्ञा सांगते कीं तिळमात्र जागा उरलेली नाहीं, आणि 'डीयू' ही आज्ञा सर्व फाइलींची बेरीज करून सांगते कीं निम्मी डिस्क मोकळी आहे. नवशिका व्यवस्थापक येथें गोंधळतो व मोठमोठ्या लॉग-फाइली पुसत सुटतो; तरी जागा कांहीं वाढत नाहीं. खरें पाहतां दोन्ही आज्ञा खरेंच बोलत असतात. लिनक्समध्यें फाइल पुसणें म्हणजे डिरेक्टरींतून तिचें नांव खोडणें. एकादा प्रोग्रॅम ती फाइल उघडून बसला असेल, तर नांव गेलें तरी तिनें व्यापलेली जागा सुटत नाहीं. पटावरून नांव कमी केलेला मुलगा बांकावर बसूनच आहे, असा तो प्रकार. डीयू पट वाचते, डीएफ बांकें मोजते. 'एलएसओएफ' ही आज्ञा त्या मुलाचा हात धरून दाखविते. मग तो प्रोग्रॅम नव्यानें सुरू केला कीं जागा मोकळी होते, आणखी कांहींही पुसावें लागत नाहीं. कधीं याच्या उलट, जागा दिसते पण नवी फाइल होत नाहीं. तेव्हां 'डीएफ -आय' पाहावें, फाइलींच्या नोंदींचा कोटाच संपलेला असण्याचा संभव असतो.

आधीं पाहावें, मग हात लावावा, हा क्रम थकलेल्या माणसाकडून हटकून मोडतो. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं 'गिटलॅब' या कंपनीचा एक कर्मचारी दिवसभराचें काम संपवावयाच्या बेतांत होता. मुख्य डेटाबेसची नक्कल ठेवणारा दुसरा सर्व्हर मागें पडला होता. त्यावरची डिरेक्टरी रिकामी करून नक्कल नव्यानें घ्यावी, म्हणून त्यानें पुसण्याची आज्ञा दिली; ती मुख्य सर्व्हरवर दिली गेली. दोन-एक सेकंदांत चूक ध्यानीं येऊन त्यानें आज्ञा थांबविली, पण सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचार गिगाबाइट तेवढे शिल्लक होते.

बॅकअप शोधावयास गेले तों दुसराच प्रकार. रोजचा बॅकअप घेणारी स्क्रिप्ट पोस्टग्रेसची ९.२ ही आवृत्ति वापरीत होती, डेटाबेस ९.६ चा होता. त्यामुळें ती रोज फसत होती. फसल्याचीं पत्रें ईमेलनें निघत, परंतु तीं सही नसल्याच्या कारणावरून परत फिरविलीं जात, म्हणून कोणाला पत्ताच नव्हता. हातीं लागली ती त्याच कर्मचाऱ्यानें सहा तासांपूर्वीं अन्य कामासाठीं घेतलेली एक प्रतिकृति. ज्याच्या हातून गेलें त्याच्याच हातून वांचलें! लोकांचा मूळ प्रोग्रॅम-संग्रह शाबूत होता; पण त्या सहा तासांतील सुमारें ५००० प्रकल्पांच्या नोंदी, तितकेच अभिप्राय आणि ७०० च्या आसपास नवीं खातीं गेलीं. प्रतिकृतीच्या सर्व्हरच्या डिस्का मंद असल्यामुळें नकलेचें काम रेंगाळलें, आणि सेवा पूर्ववत् सुरू व्हावयास सुमारें अठरा तास लागले. तें काम कंपनीनें यूट्यूबवर साऱ्या जगाला उघड दाखविलें, हें तिच्या प्रामाणिकपणास शोभण्यासारखें होतें. मागाहून हातीं घेतलेल्या सुधारणांच्या यादींत एक कलम अगदीं साधें होतें: आज्ञा लिहावयाच्या ओळीच्या आरंभींच सर्व्हरचें नांव असें ठळक दिसावें कीं, आपण कोणत्या यंत्रापुढें बसलों आहों याविषयीं बसणाऱ्याला संदेह राहूं नये.